बंद गिटारीला वाजवलेल्या टाळ्या

त्या रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या. इतक्या जोरात की पुढच्या रांगेतल्या बाईने मागे वळून पाहिलं. मी तिला ऐटीत खूण केली, "तो गिटारवाला आहे ना, तो आमचा." दोन वर्षं झाली, पण ती खूण आठवली की मला अजून हात शालीखाली लपवावेसे वाटतात.

गिटारवाला म्हणजे माझा जावई. मी त्यांना जावईबापू म्हणते आणि त्यांच्याच घरात राहते. आमचे हे गेल्यावर लेक म्हणाली, चल आमच्याकडे. मी रीतसर आढेवेढे घेतले. जावईबापूंनी ते ऐकलेच नाहीत, सरळ माझी ट्रंक उचलून टेम्पोत टाकली. त्याला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत ते मला एकदाही उणं बोललेले नाहीत. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी काय केलं ते नीट कळेल.

त्यांचं काम चष्म्यांचं. दुकान दुसऱ्याचं, मागची खोली यांची. पुढे मालक गिऱ्हाइकाला आरसा दाखवून "साहेब, दहा वर्षांनी तरुण दिसताय" म्हणतो, आणि मागे हे मान खाली घालून भिंगांच्या कडा घासत बसतात. चाकावर पाणी ठिबकत असतं. भिंग धरायचं, फिरवायचं, फ्रेमला लावून बघायचं, परत घासायचं. केसभर जास्त घासलं गेलं तर ते फ्रेममध्ये खुळखुळतं आणि मग कोणाच्याच कामाचं राहत नाही. कानावरची काडी वाकवायची असेल तर आधी ती गरम करावी लागते. ती गरम काडी हे डाव्या हाताने धरतात आणि हूं की चूं करत नाहीत. कारण त्या हाताच्या बोटांच्या टोकांना गिटारीच्या तारांनी घट्टे पडलेत.

माझा चष्माही त्यांच्याच हातचा. रोज सकाळी कामावर निघताना तो पिवळ्या फडक्याने पुसायचा आणि माझ्या पेपरवर ठेवायचा, हा त्यांचा नेम. "आई, काय हे, चष्म्यातून बघता की चष्म्याने भाजी ढवळता?" असं म्हणायचे आणि जायचे.

"घरात बादल्या दोन आणि गिटारी तीन," असं लेक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. दोन लाकडी पोटाच्या आणि एक लाल, विजेवरची. लालीला स्वतःचा आवाज नाही. वायर लावून ती एका खोक्याला जोडली की मगच बोलते. तिच्या अंगावर गोल बटणं आहेत. त्यातलं एक पिळलं की आवाज वाढतो, उलटं पिळलं की ती मुकी होते. या बटणाचं पुढे काम आहे.

लग्नात पाहिलं तेव्हापासून या माणसाचा एकच हेका. टीव्हीवर गाणं लागलं की हात वर करून म्हणायचे, "थांबा, आता येईल." कोण येईल, तर गिटार. ती आली की यांचा चेहरा उजळायचा, ती गेली की पेपर उघडायचे. गाणारी बाई बिचारी गातच असायची. ज्यात गिटार नाही ते गाणं यांच्या मते अळणी.

नातीला सूर त्यांनीच शिकवले. सात वर्षांची होती, मांडीवर गिटार आडवी ठेवली की मागे पोर दिसायची नाही. बोटांना फोड यायचे, पण रडली नाही. बाराव्या वर्षी मात्र तिने गिटार खाली ठेवली आणि कीबोर्ड मागितला. जावईबापूंनी आणून दिला. देताना बोलले मात्र, "बटणंच दाबायची होती तर लिफ्टमध्ये दाबली असतीस." मीही तेव्हा पाहुणी आले होते; सगळे हसले. नातही हसली.

तीच नात मोठी झाली, नोकरीला लागली आणि तिने एक बँड काढला. तिघंच जण. ती कीबोर्डवर, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या एक बाई सॅक्सोफोनवर आणि टपाल कचेरीतला एक जण ड्रमवर. शिक्के मारून मारून त्याचा हात तालात बसला होता, की तालामुळे शिक्के नीट पडत होते, देव जाणे. ते जे वाजवायचे त्याला जॅझ फ्यूजन म्हणतात. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला कळलं ते एवढंच: तिघांनी मिळून एक चाल ठरवायची, मग ज्याने त्याने ती आपापल्या वाटेने न्यायची, आणि ती हरवली असं वाटतं न वाटतं तोच तिघांनी एकदम घरी आणायची. त्यातच विजेवरची वाद्यं आणि पायाला ठेका धरायला लावणारा ताल मिसळला की झालं फ्यूजन.

दर रविवारी सकाळी आमच्या पुढच्या खोलीत त्यांचा सराव चालायचा. शेजाऱ्यांसाठी ड्रमवर टॉवेल टाकलेले असायचे. जावईबापू स्वयंपाकघरात स्टुलावर बसून आपली गिटार हळूच त्यांच्याबरोबर वाजवायचे. मध्येच दारातून डोकं घालायचे.

"इथे गिटारला जागा आहे बरं का."

"आहे ना बाबा. ती मोकळी ठेवलीय."

"मोकळी कशाला? मी आहे की."

नात हसून परत सुरू करायची. हे डोकं आत घेऊन स्टुलावर यायचे आणि म्हणायचे, "चांगलं आहे हो आई. थोडं अळणी आहे."

मग वाचनालयाच्या हॉलमधला कार्यक्रम ठरला. रविवार, संध्याकाळचे पाच, नव्वद खुर्च्या. भिंतीवर लावायच्या कागदावर तिघांचे फोटो छापले. तो कागद घरी आला आणि जावईबापूंचं जेवण कमी झालं. ताटात चिवडत बसायचे आणि "दुकानात खाल्लं" म्हणून उठायचे. तीन दिवस मी हे पाहिलं. चौथ्या दिवशी नातीला गॅलरीत गाठलं.

"तुला सूर कोणी शिकवले?"

"आजी, प्रश्न तो नाहीये..."

"कोणी शिकवले?"

"बाबांनी."

"मग त्या माणसाला दारात उभं करतेस? एक खुर्ची जास्त लागेल, दुसरं काय? माझ्यासाठी कर. आणि मी सांगितलं हे बोलू नकोस, त्यांना वाईट वाटेल."

पोर बराच वेळ कुंडीतली सुकलेली पानं काढत राहिली. सुकलेली संपली तेव्हा एक हिरवं पानही तिने तोडलं. मग म्हणाली, "बरं." तिला त्या दोघांनाही विचारावं लागलं असेल, काय सांगून विचारलं असेल, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. मी आपली खूश. रात्रीच्या जेवणाला जावईबापूंनी दोनदा भात मागून घेतला आणि लेकीला सांगितलं, "पोरीने स्वतः बोलावलं मला. स्वतःहून!" मी तोंड पुसायच्या निमित्ताने हसले. केवढं काम केलं होतं मी!

पुढचे तीन रविवार लाल गिटार पुढच्या खोलीत गेली. मला वाटलं, आता घर कसं भरल्यासारखं वाटतंय. भूगोलाच्या बाई मध्ये एकदा म्हणाल्या, "काका, इथे मी जरा थांबते ना, तिथे..." जावईबापू म्हणाले, "तुम्ही खुशाल थांबा, मी सांभाळतो." नात पाणी प्यायला आत यायची आणि नळ सोडून नुसती उभी राहायची. मी पाहिलं, पण त्याचा अर्थ लावायची तसदी घेतली नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी जावईबापूंनी निळा शर्ट दोनदा इस्त्री केला. हॉलमध्ये मी तिसऱ्या रांगेत, लेक शेजारी. पाच गाणी झाली. गाण्यांना शब्द नव्हते, पण मी गाणीच म्हणते. माझी नजर सबंध वेळ लाल गिटारीवर. यांची बोटं वरखाली पळतायत, डोळे मिटलेत, चेहऱ्यावर असं काही की देवमाणूस वाटावा. शेवटच्या गाण्यात एक जागा आली. बाकी सगळं हळू झालं आणि एकटाच सूर वर चढत गेला, काचेसारखा, आता फुटेल की काय असा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. टाळ्यांचं मी सांगितलंच.

बाहेर आल्यावर चारचौघांत मी म्हटलं, "जावईबापू, शेवटच्या गाण्यातली ती गिटार! रडवलंत मला."

त्यांनी गिटार एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. मला वाटलं दमलेत. माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत माझ्या हातात दिला. डोळ्याला डोळा दिला नाही.

सोमवारी त्यांच्या दुकानाला सुट्टी. लेक कामावर, नात कामावर. मी स्वयंपाकघरात मटार सोलत होते. ते समोर येऊन बसले, दोन शेंगा सोलल्या आणि म्हणाले, "आई, काल तुम्ही म्हणालात ते गिटारीचं. ती गिटार नव्हती."

"म्हणजे?"

"तो कीबोर्ड होता. पोरीचा. गिटार तेव्हा बंद होती."

मला काही उमगेना. मग त्यांनी सांगितलं. पहिल्या गाण्यात भूगोलाच्या बाई दोन सूर वाजवून थांबल्या. जागा मोकळी झाली तसे हे सवयीने आत घुसले. घुसल्यावर सहज वर पाहिलं तर नातीने डोळे घट्ट मिटलेले. "लहानपणी पायातला काटा काढताना मिटायची ना, तसे. काटा मीच काढायचो, म्हणून मला ओळखू आले. काल काटा मीच होतो."

गाणं संपताच त्यांनी ते बटण उलटं पिळलं. म्हटलं, एक गाणं ऐकू, पुढच्यात परत वाढवू.

"मग का नाही वाढवलं?"

"ऐकू यायला लागलं ना आई." एक दाणा बोटांत धरून ते त्याच्याकडेच बघत होते. "आजवर मी गाणी ऐकली ती गिटारीची वाट बघत. काल वाट बघायला काही नव्हतंच. पोरीचा डावा हात खाली काय करतो, मला माहीतच नव्हतं. सगळ्यांना खालून धरून ठेवते ती, आणि उजव्या हाताने खोड्या काढते. त्या बाई दोन सूर सोडतात आणि गप्प बसतात. तो ड्रमवाला काही वाजवत नाही, नुसती थाळी घासतो, भिंग घासल्यासारखी. आणि ती मोकळी जागा तशीच राहते. तिला कोणी हात लावत नाही. मी म्हणायचो अळणी! अहो, त्या जागेवरच सगळं उभं आहे. तिथे गिटार घातली की ते भिंग केसभर जास्त घासल्यासारखं होतं."

"मग हात का हलवत होतात?"

"समोर तुम्ही बसला होतात ना." ते लाल झाले. "चार गाणी मी खोटं वाजवलं, आई. नव्वद लोकांसमोर. आणि वर तुम्ही टाळ्या वाजवल्या."

मी म्हटलं, "एवढंच ना? मग सांगा पोरीला, सोडा तो बँड."

"कसं सांगू? त्यांना आणखी एक कार्यक्रम मिळालाय, सहा आठवड्यांनी. पोरीने स्वतःहून बोलावलंय मला. लिफ्टचं बोललो होतो मी तिला, आठवतं? तरी बोलावलं. आता मी पाठ फिरवली तर तिला काय वाटेल?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण ज्याच्या घरात नऊ वर्षं मानाने राहिले, त्याला कोणत्या तोंडाने सांगू की तुमची शिफारस मी केली होती? मी म्हटलं, "बघू, निघेल काहीतरी." आणि मटार निवडत बसले, निवडण्यासारखं काही नसताना.

दुसऱ्याच दिवशी नात माझ्या पलंगावर येऊन बसली.

"आजी, बाबांनी आवाज बंद केला होता. मी बटण पिळताना पाहिलं."

मी चादरीच्या सुरकुत्या सारख्या करू लागले.

"आणि मला इतकं बरं वाटलं ना! माझे बाबा तिथे मुके उभे होते आणि मला मोकळा श्वास आला. कशी मुलगी आहे मी?" तिने उशीत तोंड खुपसलं. "आता परत सहा आठवडे. पण तुला कबूल केलंय."

म्हणजे पोर बापाला सोडेना माझ्यासाठी, बाप पोरीला सोडेना तिच्यासाठी, आणि मधली गाठ मी मारलेली. दोघंही येऊन मलाच सांगत होते, कारण त्यांच्या मते घरात शहाणी मीच.

तरी मी आठवडाभर गप्प राहिले. मधल्या रविवारी सराव झाला. जावईबापूंनी लाल गिटार नेली, वायर लावली, मांडीवर घेतली. मी दाराआडून पाहत होते. बोटं चालतायत, आवाज नाही. भूगोलाच्या बाईंना कळतंय, टपालवाल्याला कळतंय, नातीला कळतंय, आणि सगळे जणू काही झालंच नाही असे वाजवतायत. गाणं संपल्यावर टपालवाला म्हणाला, "काका, आज छान झालं." भला माणूस होता, पण मला वाटलं जमीन दुभंगून आपल्याला आत घेईल तर बरं.

दोन दिवसांनी, मंगळवारी सकाळी, ते नेहमीसारखे फडकं घेऊन माझा चष्मा पुसत होते. "आई, आज काय तेलात बुडवला की काय?"

मी म्हटलं, "जावईबापू, पोरीने तुम्हाला स्वतःहून नव्हतं बोलावलं."

हात थांबला.

"मी तिला गळ घातली होती. गॅलरीत. तुम्ही जेवत नव्हतात तेव्हा."

"तिने नाही?"

"मी."

"तिच्या मनात नव्हतं?"

मी मान खाली घातली. त्यांनी चष्मा पेपरवर ठेवला आणि गेले. चपला घालायला वाकले तेव्हा म्हातारे दिसले. मी चष्मा लावला तर एक भिंग लख्ख आणि दुसऱ्यावर तेलाचं बोट तसंच.

ते मी पुसलं नाही. हट्ट म्हणा, प्रायश्चित्त म्हणा, पण नाही पुसलं. नंतरचे कितीतरी दिवस चष्मा मी ठेवलेल्या जागीच असायचा. जावईबापू बोलायचे, "आई, चहा झाला का," "आई, औषध घेतलंत का," सगळं नीट, सगळं रीतीचं. नेम तेवढा मोडला होता. मी अर्धं जग स्वच्छ आणि अर्धं धुरकट बघत फिरत होते. लेकीने एकदा विचारलं, "अगं, पूस की तो." म्हटलं, "असू दे."

त्या मंगळवारनंतरच्या रविवारी सरावाला ते पुढच्या खोलीत गेले ते मोकळ्या हातांनी. भिंतीशी स्टूल टाकून बसले.

नात म्हणाली, "बाबा, गिटार?"

"तुम्ही तिघं वाजवा. मी ऐकतो. माझं ऐकायचं राहून गेलंय."

नातीने माझ्याकडे पाहिलं. मी दाराच्या कडीकडे पाहिलं.

"रागावलात, बाबा?"

"राग नाही गं. लाज वाटते. उतरेल ऐकता ऐकता. आणि ते लिफ्टचं बोललो होतो ना, ते मी परत घेतो."

"कुठलं लिफ्टचं?" असं म्हणत तिने तोंड फिरवलं आणि कीबोर्डची वायर उगीचच काढून परत लावली. बारा वर्षं लक्षात ठेवलं होतं तिने. तेही मला तेव्हाच कळलं.

टपालवाल्याने काड्या उचलल्या. पहिल्यांदाच त्या खोलीत ते गाणं मी लक्ष देऊन ऐकलं असेन. खरं सांगायचं तर मला फार फरक कळला नाही. पण भिंतीशी बसलेल्या माणसाकडे पाहिलं तर कळत होता. बाई थांबल्या की हेही श्वास धरायचे, आणि त्या परत सुरू झाल्या की सोडायचे. डावा हात गुडघ्यावर होता, बोटं अधूनमधून हलायची, मग यांच्या ध्यानात यायचं आणि उजव्या हाताने ते त्यांना दाबून धरायचे.

दुसरा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये झाला. त्या सकाळी माझा चष्मा पेपरवर होता, दोन्ही भिंगं पुसलेली. मी तो लावला आणि पेपर वाचायला घेतला.

हॉलमध्ये ते माझ्या शेजारी बसले. अजून सुरू व्हायचं होतं, तेवढ्यात मागच्या वेळची ती पुढच्या रांगेतली बाई समोर दत्त म्हणून उभी.

"अय्या, काका! आज तुम्ही खाली? मागच्या वेळी काय वाजवलंत हो! या आजी केवढ्या टाळ्या वाजवत होत्या."

मला वाटलं आता खुर्चीखाली जावं. जावईबापू उभे राहिले आणि चार जणांना ऐकू जाईल असं स्वच्छ बोलले, "मागच्या वेळी पहिलं गाणं सोडलं तर मी वाजवलंच नाही. बटण बंद होतं. नुसती बोटं हलवत होतो."

बाई खळखळून हसली. "बघा, खरे कलावंत असेच असतात! किती तो विनय!" बाजूच्या दोघांनी मान डोलावली. कोणीतरी म्हणालं, वा.

जावईबापू मटकन खाली बसले. खरं बोलूनही यांच्या गळ्यातली ती शाबासकी निघाली नाही, आणि ती घातली होती मी.

"आता हो?" मी हळूच विचारलं.

"आता काय, राहू दे. निम्मी तुमची, निम्मी माझी."

दिवे मंद झाले. नातीने कीबोर्डवर हात ठेवले. बाईंनी दोन सूर सोडले आणि त्या थांबल्या. सगळा हॉल शांत. मी सवयीने हात उचलले, तर त्यांनी आपला घट्टे पडलेला हात माझ्या हातांवर ठेवला.

"थांबा आई. ही ती जागा."